राजवाड्याखालचे पाय

पुंडलिकनगरात गयासचाचांचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्धी. वरची बाजू आम्ही मुद्दाम उघडी ठेवली आहे, कारण दोघांचं गिऱ्हाईक एकच. आधी तिकडे फोटो, मग इकडे फॉर्म. त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यापासून मी दिवसभर एकच पाठ ऐकत आले आहे. "मान वर. इतकी नाय. दोन्ही कान दिसू द्या. आता हसू नका, सरकारला हसलेलं चालत नाय."

चाचांना माणसं नावाने लक्षात राहत नाहीत, कानांनी राहतात. "तो नाय का, डावा कान पुढं आलेला, काल फोटो काढून गेला," असं ते सांगतात आणि मी गर्दीत कान शोधत बसते. वय साठीच्या पुढे, दाढीला मेंदी, शर्टाच्या खिशात एक बारीक ब्रश. फोटोवरचे पांढरे ठिपके त्या ब्रशाने भरून काढायची त्यांची जुनी कला. आता ते काम कॉम्प्युटर करतो, म्हणून चाचा ब्रशाच्या मागच्या टोकाने कान कोरतात. डाव्या पायातली चप्पल करंगळीपाशी ब्लेडने कापलेली असते, कारण त्या पायाला सहा बोटं आहेत आणि चप्पल बनवणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नाही.

ओळखपत्रासाठी लागणाऱ्या पांढऱ्या पडद्यावर त्यांचा मनापासून राग आहे. "या कपड्यापुढं फकीर उभा केला तरी पाकीटमार दिसतो," ते म्हणतात. "आमच्या दादाच्या टायमाला नांगर सोडून आलेला माणूसबी फोटोत राजा दिसायचा."

दादा म्हणजे त्यांचे आजोबा, कासिमसाब. निजामाच्या अमलात ते बैलगाडीत लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि गुंडाळलेला एक रंगवलेला पडदा टाकून गावोगाव हिंडायचे. पडद्यावर राजवाडा होता. तो त्यांनी स्वतः रंगवला होता, आणि राजवाडा आतून कधीच न पाहिल्यामुळे त्यांना कसलीच अडचण आली नाही. घुमट मकबऱ्याचा घेतला, कारण तो रोज समोर दिसायचा. खांब एका विलायती बिस्किटाच्या डब्यावरून उतरवले. मधोमध घड्याळ लावलं, ते घड्याळवाल्याच्या जाहिरातीतून, म्हणून त्या राजवाड्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. पुढे तळं, तळ्यात दोन हंस, जे बदकांकडे जास्त झुकतात. एका बाजूला नारळाचं झाड. राजाला नारळ तर लागणारच, असं त्यांना वाटलं असावं.

खाली पायऱ्या काढता काढता कापड संपलं. त्यामुळे पडदा झाडाला बांधला की जमिनीपासून चांगला हातभर वर राहायचा, आणि जालना रोडच्या त्या उघड्या माळावर वारं सुटलं की अख्खा राजवाडा पतंगासारखा उडायला बघायचा. म्हणून कासिमसाबांची बायको सुग्राबी गाडीत बरोबर असायची. ती मागे उभी राहून पडदा धरायची. दोघांनी शेकडो लोकांना राजे केलं. कासिमसाबांचा स्वतःचा एक फोटो स्टुडिओत गल्ल्याच्या वर लावलेला आहे. सुग्राबीचा एकही नाही. तिने नातवाला सांगितलं होतं की तिने मागितला, तेव्हा कासिमसाब म्हणाले होते, "तू तो रोज दिखती. रोज दिखनेवाले का फोटू कायकू?"

हे चाचा मला इतक्या वेळा सांगत आले की मी ऐकणं सोडून दिलं होतं. मग करमाडचे रामकिसनकाका फ्रेम घेऊन आले.

पेपरात बातमी आली होती. दिल्लीची कुठलीशी संस्था देशभरातल्या राजवाड्यांच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. नाव होतं 'राजवाडे आणि राष्ट्रीय ओळख'. आपल्या देशात कॅमेरा आला तेव्हा तो आधी राजवाड्यांपुढे उभा राहिला, ते फोटो गावोगाव गेले आणि वेस न ओलांडलेल्या माणसालाही आपला देश कसा दिसतो ते कळलं, असं त्यात लिहिलं होतं. लोकांनी घरातले जुने फोटो पाठवावेत, असं आवाहन होतं. आमच्या पुंडलिकनगरात राष्ट्रीय ओळख म्हणजे आधार कार्ड, आणि त्यावर कुणीच ओळखू येत नाही. त्यामुळे मी बातमी वाचून सोडून दिली होती.

रामकिसनकाकांनी मात्र ती कापून खिशात ठेवली होती. त्यांनी फ्रेम काउंटरवर ठेवली, रुमालाने काच पुसली आणि म्हणाले, "तनुजा, हे दिल्लीला धाडून दे. आमचा राजवाडा हाय."

फोटोत त्यांचे आजोबा बन्सी आणि आजी पारूबाई खुर्च्यांवर बसलेले होते. नवंनवं लग्न झालेलं. बन्सीआजोबांचा फेटा एवढा मोठा की त्याच्याखाली माणूस आहे हे विश्वासाने मानायचं. पारूबाई तर लेकरूच दिसत होती, पण बसली होती ताठ. मागे घुमट, खांब, घड्याळ, बदकं. आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत, राजवाड्याच्या खालच्या कडेखाली, दोन अनवाणी पाय.

अर्ध्या भिंतीवरून चाचांची मान आली. "अरे, हा तं आमचा पडदा."

"कसला पडदा?" रामकिसनकाकांनी वर न बघता विचारलं.

चाचा माळ्यावर चढले. गुंडाळी खाली आली, रस्त्यावर उलगडली आणि दोन रिक्षा थांबून राहिल्या. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण घड्याळात अजून दहा वाजून दहा मिनिटंच झाली होती. रामकिसनकाका फ्रेम हातात धरून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. मला त्यांची दया आली. माणूस जन्मभर एका राजवाड्याचा अभिमान बाळगतो आणि तो असा रस्त्यावर अंथरला जातो.

माझी दया फुकट गेली. काका म्हणाले, "पडदा हाय, मान्य. पन पडदा कशाचा तरी असंल ना? माझ्या आज्याचा फोटो हाय, म्हणून आज्या नव्हता का?"

"रामकिसनभाऊ, माझ्या दादानं मनानं काढलाय तो," चाचा म्हणाले. "खांब बिस्किटाच्या डब्यावरले हायेत."

"मग डब्यावर कुठून आले?"

चाचा ब्रशाच्या मागच्या टोकाने कान कोरायला लागले.

"माझी आजी खोटं बोलायची नाय," काकांनी आणखी पुढचं काढलं. "ती मरेस्तोवर सांगायची. फोटो काढताना ती भेली, अंग थरथरायलं, तं राजवाड्यातून राणीचा हात आला आन् तिच्या पाठीवर टेकला. म्हणून ती बसली. आता पडद्यातून हात येतो का?"

"मग राजवाडा गेला कुठं?" मी विचारलं.

"रस्ता रुंदीकरणात," काका म्हणाले. करमाडमध्ये जे सापडत नाही ते रुंदीकरणात गेलेलं असतं. मी फोटो स्कॅन करून दिल्लीला पाठवला, कारण गिऱ्हाईकाशी वाद घालून दुकान चालत नाही.

महिनाभरात फोटो निवडला गेला. करमाडात फटाके वाजले. संस्थेच्या राजनंदिनीताई म्हणून एक तरुण बाई शहरात आल्या आणि थेट आमच्या दुकानात शिरल्या. हुशार बाई. पडदा बघायच्या आधीच म्हणाल्या, "हा रंगवलेला पडदा आहे, हे मला फोटो बघितला तेव्हाच कळलं. मला तर तो राजवाड्यांपेक्षा जास्त आवडला. लोकांनी स्वतःसाठी राजवाडा तयार करून घेतला, यापेक्षा मोठी ओळख कुठली? मी दिल्लीला तसं कळवलंय."

चाचांना भरून आलं. त्यांनी जाहेदाचाचीला घरून शीरखुर्मा पाठवायला सांगितलं. चाचीने शीरखुर्मा आणून दिला आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "इत्ते साल मैं बोल रही, इस चिंधी को फेंको. अब दिल्ली जाती क्या ये?"

दोन दिवसांनी दिल्लीचं उत्तर आलं. राजनंदिनीताईंनी ते आम्हाला वाचून दाखवलं. छायाचित्र 'राजवाडे' या विभागात मंजूर झालेलं आहे. 'पडदे' असा विभाग नाही. सबब तो राजवाडाच आहे. शिवाय तज्ज्ञांनी अभ्यास करून मत दिलं होतं की मकबऱ्यासारखा घुमट आणि विलायती खांब एकाच इमारतीत असणं हे राष्ट्रीय एकात्मतेचं दुर्मीळ उदाहरण आहे. पारूबाईंच्या पाठीमागे भिंत जराशी फुगलेली दिसते, तो बहुधा सज्जा असावा. घड्याळात सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली असताना सावल्या मात्र संध्याकाळच्या आहेत, यावर संशोधन सुरू आहे. आणि खालचे दोन पाय राष्ट्रीय पातळीवर बरे दिसत नाहीत, ते काढून टाकण्यात येतील.

"कोणाचे हायेत पन ते पाय?" रामकिसनकाकांनी विचारलं. राजवाड्याचा पत्ता करमाड असा छापून येणार म्हणून ते रोजच यायला लागले होते.

चाचांनी फ्रेम जवळ घेतली. ड्रॉवरमधून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि फोटोवर वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. माझ्याकडे एक बाई झेरॉक्सला थांबली होती, ती कंटाळून निघून गेली.

"बेटा," ते शेवटी म्हणाले, "डाव्या पायाची बोटं मोज."

मी भिंगातून मोजली. सहा होती.

चाचा खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. दादी, म्हणजे सुग्राबी, रोज संध्याकाळी पाय दाबून घ्यायची. उभं राहून राहून तिच्या पायांची पार वाट लागली होती. नातवंडांत सहा बोटं एकट्या गयासलाच आली, म्हणून हे काम त्याच्याकडे. तो मोजायलासुद्धा तिच्या त्याच पायावर शिकला. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी हात पुढे करून बोटं मोजायला सांगितली, तर पाचावर थांबायचं असतं हे त्याला पटेना, आणि त्याने मार खाल्ला. एक पाय दाबून झाला की तो खेळायला पळायला बघायचा. मग दादी सदऱ्याला धरून ओढायची आणि म्हणायची, "दुसरा पाँव क्या सौतन का है रे?"

हे सांगताना ते हसले, आणि मग रडले. आमच्या शेजारपणात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. "तिचा फोटो हाय," ते म्हणत राहिले. "सौ सालसे हाय. करमाडच्या भिंतीवर हाय. आन् आता हे लोक तिला काढून टाकायलेत."

मला वाटलं, आता रामकिसनकाका विरघळतील. काका उलट ताठ झाले. "गयासभाई, तुमच्या आजीबद्दल आदर हाय. पन माझ्या आज्या-आजीच्या लग्नाच्या फोटोत दुसऱ्या बाईचे पाय कशाला? दिल्लीवाले काढायलेत तं काढू द्या. राजवाडा सोभून दिसंल."

"पाय तिचे हायेत म्हणून राजवाडा उभा हाय," चाचा म्हणाले.

"राजवाडा पायावर उभा असतो, पायांवर नसतो."

"तुमच्या राजवाड्याला पायाच नाय. कापड कमी पडलं होतं."

त्यावर काकांनी फ्रेम उचलली आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. दोन म्हातारे, एक कापड, आणि दोघांचंही खरं. मला दोघांचाही संताप आला. चाचांनी त्या दिवशी आलेल्या सगळ्यांचे फोटो एकही सूचना न देता काढले, आणि तीनजणांचे अर्ज कान दिसत नाहीत म्हणून परत आले.

पुढच्या आठवड्यात राजनंदिनीताईंच्या फोनवर दिल्लीहून नमुना आला. पाय गायब केले होते. पण पाय गेल्यावर लक्षात आलं की राजवाडा आणि जमीन यांच्यामध्ये हातभर मोकळी हवा आहे. घुमट, खांब, घड्याळ, बदकांसकट तळं, सगळं करमाडच्या माळावर अधांतरी तरंगत होतं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा पोट धरून हसले. राजनंदिनीताई हसल्या नाहीत. त्यांना दिल्लीहून विचारणा आली होती की हा राजवाडा जमिनीपासून वर का आहे, आणि त्याचं उत्तर त्या दोनदा देऊन चुकल्या होत्या.

दिल्लीत बैठक बसली. चौथरा काढून पाहिला, तर खुर्च्यांचे पाय त्यात गाडले गेले. पायऱ्या वाढवल्या, तर त्या बन्सीआजोबांच्या धोतरातून गेल्या. शेवटी असा निर्णय झाला की ते दोन पाय पहारेकऱ्याचे समजून परत ठेवावेत. म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की तिथे दरवाजा आहे, दरवाज्यात माणूस आहे, आणि माणूस जमिनीवर आहे म्हणजे राजवाडाही असणार.

चाचांनी एवढ्यावर समाधान मानलं. "पहारेकरी म्हणू द्या," ते म्हणाले. "नाव नको, काय नको. पाय राहू दे तिचे. देशभर फिरंल ती. जिंदगीत जालन्याच्या पुढं गेली नाय."

प्रदर्शनाची सुरुवात आपल्याच शहरातून होती. शहरातल्या एका सभागृहात सकाळी उद्घाटन झालं. करमाडचे लोक दोन टेम्पो भरून फेटे बांधून आले होते. फोटोचे मालक म्हणून रामकिसनकाकांना शाल आणि नारळ मिळाला. नारळ हातात घेऊन ते फोटोतल्या नारळाच्या झाडाकडे अशा नजरेने बघत होते की त्यांना आणखी एक पुरावा मिळाला हे मला कळलं. फोटो मोठा केला होता, पुरुषभर उंच आणि त्याहून रुंद, तळकड जमिनीला टेकलेली. खाली पाटी होती. करमाड येथील राजवाडा, सध्या अस्तित्वात नाही. करमाडचे लोक ती पाटी पुन्हापुन्हा वाचत होते. नसलेल्या गोष्टीचा पत्ता आपल्या गावाचा आहे, याचा आनंद काही वेगळाच असावा.

चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. जाहेदाचाचीने अत्तर लावून पाठवलं होतं. ते गर्दी ओसरायची वाट बघत थांबले आणि लोक जेवायला बाहेर गेल्यावर फोटोपुढे जाऊन खाली बसले. मी मागे होते. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"पाच हायेत," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. पाय परत ठेवताना कॉम्प्युटरवाल्याने डाव्या पायाचं सहावं बोट काढून टाकलं होतं. अगदी सफाईने. चूक समजून दुरुस्ती केली होती. आता ते कुणाचेही पाय होते.

मी राजनंदिनीताईंना ओढत आणलं. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मला नमुन्यात दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "नवी प्रिंट आता नाही मिळायची. उद्या सकाळी हे सगळं नागपूरला जातंय."

चाचा उठेनात. शाल खांद्यावर घेऊन रामकिसनकाका जवळ आले. भांडण मिटलेलं नव्हतं, पण म्हातारा माणूस जमिनीवर बसलेला बघून त्यांना राहवलं नसावं. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाय," चाचा म्हणाले. "दादीचं बोट काढलं. आता ती वळखू येत नाय." आणि मग, काकांना नव्हे, फोटोलाच सांगावं तसं ते बोलत राहिले. "एका हातानं पडद्याची दांडी धरायची, दुसरा हात मोकळा ठेवायची. दादा म्हणायचा, प्लेटवर माणूस हलला की भूत दिसतं. आन् नव्या नवऱ्या लई थरथरायच्या. लहान लहान पोरी. तं ती मागून, कपड्यावरूनच, पाठीवर हात टेकवायची. कॅमेऱ्याच्या काचेवर टोपी परत लागेस्तोवर हात काढायची नाय. मला सांगायची, किती पोरींच्या पाठी मला म्हाईत, तोंड एकीचं नाय बघितलं."

रामकिसनकाका पारूबाईंकडे बघत होते. ताठ बसलेलं ते लेकरू, आणि त्याच्या पाठीमागे राजवाड्याची भिंत जराशी फुगलेली, जिला तज्ज्ञांनी सज्जा ठरवलं होतं. काकांनी पुढे होऊन त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. बोटाखाली तो सज्जा नव्हताच. पाच टोकं होती, तळहात होता.

मला वाटलं, आता राणी गेली म्हणून चिडतील.

"म्हणजी राणी हीच," ते म्हणाले. "राणीचा हात घ्यायचा आन् पाय काढून टाकायचे, असं नाय चालत गयासभाई. ते बोट परत रंगवा तुम्ही."

"फोटोला हात लावायला मनाई आहे," राजनंदिनीताई म्हणाल्या. "हे सांगणं माझं काम आहे, ते मी केलं." मग त्या दाराशी गेल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या की पिण्याच्या पाण्याचा जार संपलाय, तर जरा माझ्याबरोबर चला.

चाचांनी खिशातून ब्रश काढला. नेहमीच्या उलट्या टोकाऐवजी सुलटं टोक तोंडात घालून ओलं केलं. रंग कुठून आणायचा? मी स्वागताच्या टेबलावरचं शिक्क्याचं पॅड आणलं आणि कुणीतरी अर्धा ठेवलेला चहाचा कप. जुन्या फोटोचा तपकिरी रंग चहाशिवाय येत नाही, असं चाचा म्हणाले. शाई आणि चहा त्यांनी तळहातावर कालवला.

"लोक येतील," मी म्हणाले.

रामकिसनकाकांनी खांद्यावरची मानाची शाल काढली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं फोटोकडे पाठ करून शाल ताणून उभे राहिलो आणि चाचा तिच्याआड झाले. शाल आखूड होती. खाली त्यांची कापलेली चप्पल दिसत असणार. फेटेवाले दोघं जेवून आत आले आणि विचारलं, "रामकिसन, मागं काय चाललंय?"

"राजवाड्याचं काम निघालंय," काका म्हणाले. ते दोघं मान हलवून बाजूला झाले. राजवाडा म्हटल्यावर काम निघणारच, हे त्यांना पटलं.

मी मान वळवून बघितलं. दिवसभर पांढऱ्या पडद्यापुढे माणसांना हसू नका म्हणणारा हा माणूस जमिनीवर जवळजवळ आडवा होऊन एक बोट रंगवत होता. आधी कड, मग सावली, मग बारीक नख. करंगळीच्या बाहेरून, जरा वाकडं, अगदी त्यांच्या स्वतःच्या बोटासारखं. काम झालं. ते मागे सरले, बघितलं, ब्रश पुसून खिशात ठेवला. मग पुन्हा पुढे वाकले, दोन्ही हात त्या कागदी पायावर ठेवले आणि अंगठ्याने हळूहळू दाबायला लागले, टाचेपासून बोटांकडे.

माझे हात भरून आले होते. दाराशी जार ठेवल्याचा आवाज झाला. लोक परत यायला लागले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढचं मला नीट दिसत नव्हतं.

"चाचा, झालं ना? आटपा आता," मी म्हणाले.

"थांब बेटा," मागून आवाज आला. "एकच पाय झालाय."

मी शाल आणखी वर धरली.